तुमची विहीर नकाशात नव्हती, शालिक

शालिक, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि माझा तुझ्यावरचा संशय अजून पुरता फिटलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेला की लोक त्याचा फोटो पुसून भिंतीवर लावतात, हार घालतात, आणि तो जिवंतपणी कधीच नव्हता इतका गुणी होऊन बसतो. मला ते जमत नाही. नागपूरच्या गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात जन्म काढलेला माणूस मी. थानावर ‘पक्का रंग’ असा शिक्का दिसला की मी आधी बोट ओलं करून कोपरा चोळून पाहतो. तुझ्या लग्नाच्या शालूचाही कोपरा मी असाच चोळला होता. वहिनी ते अजून विसरलेल्या नाहीत.

मी लिहायला बसलो की तू हसायचास. “केशव, तू बोलतं मानसावानी अन् लिहितं तलाठ्यावानी.” हस आता पोटभर. मला मात्र लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि त्यात शेवटचं वाईट बोलणं माझं होतं.

भांडण विजेचं होतं. गेल्या वर्षी कुहीजवळच्या आपल्या गावात एक जीप आली. पांढऱ्या शर्टातली माणसं उतरली, धानाच्या बांध्यांतून हिंडली, नदीचं पाणी बाटल्यांत भरून घेतलं आणि लाल रंगाच्या खुंट्या ठोकून निघून गेली. एक खुंटी माझ्या चार एकरांच्या धुऱ्यावर, अगदी बांधावर. इथे अणुवीज केंद्र येऊ शकतं, एवढंच लोकांच्या कानावर आलं. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, येणार का नाही ते तरी सांगा. तो म्हणाला, “अभी कुछ तय नहीं है, भाईसाब.” काही ठरलेलं नाही तर माझ्या धुऱ्यावर खुंटी कशाला? मी ती त्याच दिवशी उपटणार होतो. भावानं हात धरला.

त्याच रविवारी मी तावातावानं खापरखेड्याला तुझ्या क्वार्टरवर आलो. मला वाटलं, तू माझ्याहून जास्त चिडशील. तू तर खूश होतास!

“अबे केशव, राख नाई, धूर नाई! येवढुशा गोळीत येवढी लाईट!”

“कोन सांगतलं तुले?”

“पुस्तकात हाये.”

“पुस्तक कोनं छापलं?”

“सरकारनं.”

“मंग झालं!” मी म्हणालो, आणि तू चहाचा कप आपटलास.

तुझं खूश होणं मला आता समजतं. तेव्हाही समजत होतं, पण कबूल करायचं नव्हतं. बावीस वर्षं तू खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या राख विभागात काढलीस. तुमच्या कॉलनीत दोरीवरचं धोतर काढलं की आधी झटकावं लागे. वहिनी पापड घरात पंख्याखाली वाळवत. मी आलो की तू खाटेवरची चादर उलटी करायचास आणि मगच “बस” म्हणायचास. खोकल्याची उबळ आली की रुमाल तोंडाशी धरायचास आणि त्यात न बघताच घडी करून खिशात टाकायचास. मी बघायचो. एकदाही विचारलं नाही की शालिक, काय दिसतं रे त्यात. घाबरलो होतो, दुसरं काय!

म्हणून राख नसलेल्या विजेवर तुझा जीव जडला. आणि मला नेमकं तेच खटकत होतं. राख निदान दिसते. कापडावर पडते, बोटाला लागते, कोणी नाही म्हणालं तर त्याच्या नाकासमोर धरता येते. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ते विहिरीत उतरलं तर आपल्याला कोण सांगणार? जो केंद्र चालवणार, तोच पाणी तपासणार आणि तोच सांगणार, सब ठीक है. भोपाळचं तेव्हा सगळ्या नागपूरनं वाचलं होतं. मग रशियातल्या त्या अणुकेंद्राची बातमी आली. मी पेपर त्या पानावर दुमडून, दोन बसचे धक्के खात तुझ्याकडे आलो. जिंकलो, असंच वाटत होतं मला.

तू सगळं वाचलंस. सावकाश, ओठ हलवत. मग पेपर परत दिलास. “वाचलं. वाईटच झालं. आता तू सांग, तुह्या दुकानातले पंखे कायनं फिरतात?”

“लायटीनं.”

“माह्या छातीनं फिरतात.” तू रागावला नव्हतास, म्हणूनच ते लागलं. “तुले आपल्या गावची लय फिकर हाये. मले पन हाये. पन इथल्या पोराईले छाती नाई का? इथं राख पडते तं चालते अन् तिथं खुंटी ठोकली तं गावावर आभाळ कोसळते, असं काहून?”

“म्हनून काय तिथल्याईले बी मारायचं का मंग?”

“मारा कोन म्हनते? मी म्हनून राहिलो का लाईट तं सगळ्याईलेच पायजे. तिचं ओझं कोनं घ्यायचं, ते बसून ठरवा ना. तू फक्त आपल्या धुऱ्यापुरता बोलतं.”

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण डोक्यावर तुझ्या क्वार्टरचा पंखा फिरत होता आणि मी त्याच्याखाली बसलो होतो. मी विषय बदलला, पोह्यावर आणखी तर्री मागितली.

आता ती दुसरी गोष्ट लिहितो. ती टाळून पुढे जाता येत नाही. छप्पन सालच्या दसऱ्याला तुमची सगळी वस्ती दीक्षेला नागपूरला गेली. परत आल्यावर तुम्ही मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. तोपर्यंत तुमच्या बाया आमच्या विहिरीपासून लांब घागरी ठेवून उभ्या राहत आणि आमचा गडी वरून पाणी ओतून देई. माझ्या बापानं त्या गड्याला सांगितलं, आजपासून द्यायचं नाही. मी तिथेच होतो, वीस वर्षांचा घोडा, बैलाचं दावं हातात धरून. तुझी आई रिकामी घागर घेऊन परतली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी बैलाकडे पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही स्वतःची विहीर खोदली. बाया-माणसं, म्हातारे, सगळे. माझ्या शेतात सबली-पहारींचा आवाज दिवसभर येई. मुरूम लागला तेव्हा वेगळा, काळा दगड लागला तेव्हा वेगळा. पाणी लागलं त्या दिवशी तुमच्याकडून आरडाओरडा ऐकू आला. मी गेलो नाही.

आणि तरी नागपुरात दोन वर्षांनी इतवारीच्या रस्त्यावर तूच मला हाक मारलीस, “का गा, केशव!” तू आयटीआयला, मी दुकानात नवा. एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, तापात तू माझं डोकं चेपलंस. हे उपकार मी मोजत नाही, तू मोजू दिले नसतेस. पण गावी गेलो की बसमधून उतरून तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या. मी कधी तुमच्या वस्तीत आलो नाही. तू कधी बोलावलं नाहीस. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, या एका गोष्टीकडे मात्र कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. फारच सोयीचं होतं ते.

ही न बोलण्याची बोली तूच मोडलीस. पावसाळ्यातली दुपार होती, तुझ्याच क्वार्टरवर. मी पुन्हा तेच घोळवत होतो, की न दिसणारं विष पाण्यात उतरलं तर काय करशील. तू हसायला लागलास. हसता हसता खोकलास, आणि मग म्हणालास, “न दिसनाऱ्या गोष्टीनं पानी खराब होते, हे तुमाले कोन शिकवा लागते गा? तुमच्या घरी तं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक हाये. आमचा हात पान्यात दिसे का कोनाले? तरी बाटे.”

मी चपला घातल्या आणि निघालो. वहिनी मागून म्हणाल्या, “भाऊजी, जेवून तं जा!” मी थांबलो नाही. महिनाभर आलो नाही.

त्याचं उत्तर मला माहीत होतं, शालिक. अजूनही आहे. विटाळ ही माणसांनी रचलेली लबाडी होती, आणि ते केंद्रातलं विष खरं आहे, कोणी मानो न मानो. दोन्ही एका तागडीत घालता येत नाहीत. पण हे उत्तर माझ्या तोंडून कसं निघणार? ज्याच्या बापानं घागर रिकामी पाठवली, त्यानं तुला खऱ्या-खोट्या विटाळातला फरक समजावून सांगायचा? तू म्हणाला असतास, सांग ना बापा, ऐकून राहिलो. आणि खरंच ऐकलं असतंस, हीच तर पंचाईत होती.

मग तू रजा टाकून कुहीला गेलास आणि तिथल्या कचेरीत लावलेला प्रकल्पाचा नकाशा पाहून आलास. तिथून थेट माझ्या दुकानात. गादीवर बसलास, चहा आला, निवला, तू कपाला हात लावला नाहीस.

“तुह्ये चार एकर हायेत,” तू म्हणालास. “तुही विहीर हाये. मारुतीचं देऊळ हाये, शाळा हाये. पाटलाचा गोठा बी हाये, केशव. आमची वस्ती नाई.”

“नाई म्हंजे?”

“नाई म्हंजे नाई. पडीत जमीन लिवली हाये. विहीर नाई, घरं नाईत.”

नकाशा कुठल्या तरी जुन्या कागदावरून उतरवलेला. जी विहीर त्यात आहे तिचंच पाणी तपासणार, जे घर त्यात आहे तेच हलवणार, त्यालाच जागा देणार. तुम्ही तिथे नव्हतातच. आणि मला काय झालं, सांगू? मला आनंद झाला. आता खोटं कशाला बोलू! “पाह्य, मी सांगत होतो ना, असे असतात हे!” असं मी चक्क टाळी द्यायला हात पुढे करून म्हणालो. तू माझ्या हाताकडे पाहत राहिलास. मग उठून गेलास. चहा तसाच.

त्यानंतर तू तो अर्ज केलास, विहीर आणि वस्ती नकाशात घ्यावी म्हणून. त्याला गावातले, वस्तीबाहेरचे, जमीनवाले असे दोन साक्षीदार लागत होते. आपल्या म्हाताऱ्या गुरुजींनी सही केली. दुसरी जागा माझी होती.

दिवाळीच्या आधी चावडीवर सभा भरली. प्रकल्पाच्या ऑफिसातली दोन माणसं खुर्च्यांवर, गाव खाली सतरंजीवर, तुमची वस्ती थोडी बाजूला. तू सगळ्यांदेखत तो कागद माझ्यासमोर धरलास. माझ्या डोक्यात संशयाचं चाक गरगर फिरायला लागलं. आम्हाला तुमच्या नकाशात घ्या असा अर्ज करायचा, म्हणजे नकाशा मान्य आहे असंच झालं ना? आज विहीर नोंदवा, उद्या म्हणतील गाव राजी आहे, ह्या पाहा सह्या. तू राख विभागातला माणूस, विजेच्या खात्यातच तुझी उठबस. पुस्तकं तुला कोण देतं? रजा कशी मिळते? मी उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, “किती भेटले तुले, शालिक?”

ऑफिसातला एक जण पायातला बूट न्याहाळू लागला. तू कागदाची घडी घातलीस. “कागद वाच, केशव,” एवढंच म्हणालास. “तुले तं वाचता येते.” आणि सायकल घेऊन निघून गेलास.

त्यानंतर तीन महिने आपण बोललो नाही. तू दवाखान्यात आहेस हे मला गांधीबागेत एका गिऱ्हाइकाकडून कळलं. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. मी घाटावर पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. वहिनींनी मला पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. मी लांबच उभा राहिलो. मला तीच जागा होती.

पाचव्या दिवशी तुझी लेक प्रज्ञा दुकानात आली. कॉलेजची वह्या-पुस्तकं छातीशी, डोळे सुजलेले. तोच कागद तिनं गादीवर ठेवला. दुरुस्तीचे अर्ज या महिनाअखेरपर्यंतच घेणार आहेत, म्हणाली. दुसऱ्या साक्षीदाराची ओळ कोरीच होती.

“दुसऱ्या कोनाची सही नाई घेतली बाबानं?”

“नाई. म्हने, केशव करनार. थांबा.”

माझ्यावर विश्वास होता म्हणून थांबलास, की दुसरं कोणी करणारं नव्हतंच म्हणून? दोन्ही शक्य आहे. तू गेलास म्हणून मी सोयीचं तेवढंच मानणार नाही. तसंच, शेवटी शेवटी तुझा त्या अणुविजेवर विश्वास उरला होता का, हेही मला कधी कळणार नाही. प्रज्ञाला विचारलं. ती म्हणाली, बाबा काही बोलत नव्हते, नुसते खोकत होते.

आता कबूल करतो. तू “कागद वाच” म्हणालास ना, मी तो वाचला होता. तिथेच, चावडीवर, तू समोर धरलास तेव्हाच. माझी नजर थानावरच्या बारीक अक्षराला सरावलेली आहे, दोन क्षणांत खालपर्यंत गेली. साक्षीदाराच्या सहीच्या वर लिहिलं होतं, ‘सदर विहिरीचे पाणी पिण्याचे आहे, हे मला स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे.’ त्या ओळीवर मी अडकलो. माझं शेत त्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आणि त्या पाण्याची चव मला माहीत नव्हती. सही केली तर खोटी, आणि का करत नाही ते सांगितलं तर सगळ्या गावासमोर माझी अब्रू. म्हणून मी तुझी काढली. बाकीचा संशय त्यानंतर सुचला, शालिक. आधी ती ओळ.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला गावात आलो. बसमधून उतरून पहिल्यांदा तुझ्या वाटेनं चाललो. भन्तेजींची वंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि मी प्रज्ञाला म्हणालो, “पानी दे वं पोरी.” ती घरात वळली. मी म्हटलं, “घरातलं नोको. विहिरीवर चाल.” तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बादली-दोर घेतला. वहिनीही मागून आल्या. पोरीनं पाणी शेंदलं, गडवा भरून माझ्या हातात दिला. वस्तीतली माणसं हातातला घास थांबवून बघत होती. मी सगळा गडवा एका दमात प्यालो.

“मचूळ हाये,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही मला.

“मचूळच हाये, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “पयल्यापासून. साऱ्या गावाले ठाऊक हाये.” मग माझ्या हातून गडवा घेत म्हणाल्या, “म्हंजे, आमच्या गावाले.”

तिथेच विहिरीच्या काठावर कागद ठेवून मी सही केली. सहीच्या वर माझ्या हातानं लिहिलं, ‘पाणी मचूळ आहे, पिण्याचे आहे, मी स्वतः प्यालो आहे. प्रकल्पास माझा विरोध कायम आहे.’ प्रज्ञा म्हणाली, “काका, दोन्ही एकाच कागदावर चालते का?” मी म्हटलं, न चालायला काय झालं! विरोध मी सोडणार नाही. खुंटी अजून धुऱ्यावर आहे आणि ती कशासाठी आहे ते अजून मला कोणी नीट सांगितलेलं नाही. पण उद्या त्यांनी पाणी तपासायला घेतलं, तर तुमच्याही विहिरीचं घ्यावं लागेल, आणि काय निघालं ते तुमच्यासमोर उभं राहून वाचावं लागेल. न वाचलं तर मी आहेच भांडायला. कमीत कमी त्या कामाचा तरी आहे मी.

आज सकाळी अर्ज द्यायला कुहीला गेलो. खिडकीतल्या कारकुनानं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, माझी ओळ दोनदा वाचली.

“गावचेच ना तुम्ही?”

“जन्मापासून.”

“किती वर्षांपासून पिता हे पाणी?”

“कालपासून,” मी म्हणालो.

त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करून राहिला. तो मोठ्यानं हसला, बाजूच्याला सांगितलं, तोही हसला. मग त्यानं पोच लिहून दिली. मी ती खिशात घातली, बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत रडलो. शालिक, ते पाणी मी तुझ्या हातून प्यायला पाहिजे होतं.